हिम आणि बर्फ: संशोधन आणि रोजचा उपयोग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि जमेल तेव्हा हिमालयात जातो. वर्गात, ट्रेकच्या तंबूत आणि निफाडकडच्या द्राक्षबागायतदार नातेवाइकांच्या ओसरीवर बर्फाविषयी मला सतत प्रश्न विचारले जातात. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले, ते इथे उत्तरांसकट मांडले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हिम आणि बर्फ यांत फरक काय? आपण तर दोन्हींना बर्फच म्हणतो.

बरोबर आहे. "मनालीला बर्फ पडला" आणि "सरबतात बर्फ टाक" या दोन्हींत आपण एकच शब्द वापरतो. पण या दोन गोष्टींचं वागणं फार वेगळं असतं. घट्ट बर्फाचं वजन दर घनमीटरला सुमारे 917 किलो भरतं. नुकतंच पडलेलं हिम त्याच जागेत जेमतेम 50 ते 100 किलो भरतं. म्हणजे ताज्या हिमाचा नऊ-दशांश भाग निव्वळ हवा! एवढी हवा अडकलेली असल्यामुळे हिम गोधडीसारखं काम करतं. त्याच्या थराखाली जमीन फारशी गोठत नाही, बी जगतं, उंदीर-घुशी हिवाळा काढतात. हिमाच्या विटांचं घर आतून राहण्याजोगं उबदार होतं ते यामुळेच.

पुढे मी आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीत पदार्थाला हिम आणि घट्ट झालेल्याला बर्फ म्हणेन.

हिमकण नेहमी सहा कोनांचाच का असतो?

पाण्याचे रेणू गोठताना एकमेकांना षट्कोनी जाळीत धरून बसतात. तीच जाळी वाढत वाढत डोळ्यांना दिसेल एवढी होते. या जाळीत मोकळी जागा राहते, म्हणून पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते त्याचं कारण हेच.

हिमकणाचा आकार मात्र सारखा बदलतो. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्यानं 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात 5,000 हून अधिक फोटो जमवले. पण ते तसे का बनतात, हे उलगडायला सुरुवात झाली जपानमध्ये. होक्काइदोच्या विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत पहिला हिमकण वाढवला. हिमकण हवेत तरंगत वाढतो, त्याला टांगायचं कशाला? रेशीम, कापूस असं बरंच करून पाहिल्यावर सशाचा केस उपयोगी पडला. त्या केसावर त्यांनी तापमान आणि बाष्प बदलत कण वाढवले आणि तक्ता तयार केला: उणे 2 अंशांच्या आसपास चपट्या चकत्या, उणे 5 ला सुया, उणे 15 ला आपण चित्रांत पाहतो तसे फांद्याफांद्यांचे तारे. म्हणजे जमिनीवर पडलेला कण बघून वर ढगात काय परिस्थिती होती ते सांगता येतं. मला हे संशोधन फार आवडतं, कारण त्यात साधनं अगदी साधी होती आणि चिकाटी अफाट.

एवढ्याशा बर्फानं एवढा थंडावा कसा मिळतो?

शून्य अंशाचा 1 किलो बर्फ नुसता वितळवायला 334 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत 1 किलो पाणी शून्यावरून जवळजवळ 80 अंशांवर जाईल. वितळताना बर्फ ही सगळी उष्णता आजूबाजूनं ओढून घेतो आणि स्वतः मात्र शून्यावरच राहतो. हिलाच आपण शाळेत सुप्त उष्णता म्हणून शिकलो.

ती खरी कळायची ती मे महिन्यात, पॉट आईस्क्रीम करताना. गोणपाटात गुंडाळलेला बर्फ सायकलवरून आणायचा, धोपटण्यानं फोडायचा, आटवलेल्या दुधाच्या डब्याभोवती भरायचा आणि वर मूठमूठ खडे मीठ. मिठाशिवाय कितीही वेळ दांडा फिरवा, आईस्क्रीम जमणार नाही. कारण साधा वितळता बर्फ शून्यावर थांबतो आणि साखर घातलेलं दूध शून्याखाली गेल्याशिवाय गोठत नाही. मीठ पडलं की बर्फाचा वितळणबिंदू उतरतो, बर्फ आणखी वितळतो, त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःतून आणि डब्यातून काढतो, आणि मिश्रण शून्याखाली जातं. मिठाचं प्रमाण अगदी नेमकं जमलं तर ते उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. पॉटच्या बाहेरच्या बाजूवर पांढरी साय धरायची, आणि तिला बोट लावलं की चिकटायचं. ती साय म्हणजे हवेतलं बाष्प थेट गोठून तयार झालेले हिमकणच.

बर्फाच्या लादीचा मधला भाग पांढरा का असतो?

बर्फाच्या कारखान्यात पाणी भरलेले लांबट डबे शून्याखाली थंड केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. पाणी बाहेरून आत गोठत येतं. गोठणाऱ्या जाळीत परक्याला जागा नसते, त्यामुळे विरघळलेली हवा आणि क्षार पुढे पुढे ढकलले जातात आणि शेवटी मधोमध कोंडले जातात. लादी आडवी कापून पाहा: बाजूला काचेसारखा बर्फ आणि मध्ये पांढरा कणा दिसेल. त्या पांढऱ्यात असंख्य बुडबुडे असतात. गोठताना पाण्यात हवा सोडून ते हलतं ठेवलं तर लादी बरीचशी पारदर्शक निघते.

समुद्राचं पाणी गोठतानाही हेच होतं. मीठ बाहेर फेकलं जातं, म्हणून जुन्या समुद्री बर्फाचं पाणी पिण्याइतकं गोडं असू शकतं.

निळा बर्फ म्हणजे काय? तो खावा का?

खाऊ नये. मासळी, भाजी, औषधं वगैरे वस्तू थंड ठेवण्यासाठी बनवलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते. तो सरबताच्या गाडीवर पोचू नये म्हणून 2018 पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम झाला. खाण्याचा बर्फ रंगहीन, न खाण्याचा निळा. उन्हाळ्यात गोळा खाण्याआधी गाडीवाल्याला बर्फ कुठून आणला ते विचारायला लाजू नका. विषाणू आणि जिवाणू गोठल्यानं मरतातच असं नाही. कावीळ आणि जुलाबाच्या कित्येक साथी अशा बर्फातून पसरलेल्या आहेत.

मासळीला मात्र बर्फासारखं दुसरं काही नाही. ती शून्याच्या आसपास टिकते, गोठून कडक होत नाही आणि वितळणाऱ्या पाण्यानं ओली, स्वच्छ राहते. आपल्याकडच्या उष्ण हवेत साधारण जितकी मासळी तितका बर्फ हे प्रमाण धरतात. ससून डॉक किंवा मिरकरवाड्याला पहाटे गेलात तर होड्यांत चढणारा बर्फाचा चुरा आणि उतरणारी मासळी शेजारी शेजारी दिसेल.

बर्फाची यंत्रं नव्हती तेव्हा भारतात बर्फ मिळायचा का?

मिळायचा, आणि एक पद्धत तर विलक्षण होती. बंगालमध्ये हुगळीच्या परिसरात थंडीच्या रात्री उथळ मातीच्या परळांमध्ये पाणी भरून ते गवताच्या किंवा उसाच्या पाचटाच्या थरावर उघड्या आकाशाखाली ठेवत. पहाटे त्यावर बर्फाची पातळ पापडी धरलेली असे, हवेचं तापमान शून्याच्या वर असूनही! निरभ्र रात्री पाणी आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतं, आणि खालून पाचटामुळे जमिनीची ऊब पोचत नाही. सूर्य उगवायच्या आत ती पापडी गोळा करून खड्ड्यात साठवायची. आज याच तत्त्वावर इमारती थंड ठेवणारे विशेष रंग आणि पडदे तयार करण्याचं संशोधन चालू आहे.

मग 1833 मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यांतला बर्फ कापून जहाजानं कोलकात्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासाला निघताना सुमारे 180 टन, पोचला तेव्हा सुमारे 100 टन. मोठे चौकोनी ठोकळे एकमेकांना खेटून रचायचे आणि भोवती लाकडाचा भुसा भरायचा, एवढीच युक्ती. मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी गोदीजवळ घुमटाकार बर्फघर उभं राहिलं. चेन्नईचं बर्फघर आजही मरिना किनाऱ्यासमोर उभं आहे. आता ते विवेकानंदांच्या नावानं ओळखलं जातं.

महाबळेश्वरला पारा 4-5 अंशांवर असतो, तरी वेण्णा तलावापाशी दव गोठतं. हे कसं?

हुगळीच्या परळांसारखंच. बातमीतलं तापमान जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताचं पातं, गाडीचं टप, होडीची फळी या गोष्टी हवेपेक्षा बऱ्याच जास्त थंड होतात. थंड हवा जड असल्यामुळे खोलगट जागेत साचते. म्हणून वेण्णा आणि लिंगमळ्याच्या परिसरात पांढरं दिसतं आणि वर बाजारपेठेत नाही.

थंडीच्या लाटेत द्राक्षबागेत पहाटे पाणी का सोडतात?

निफाड परिसरात हा प्रश्न दर हिवाळ्यात जिव्हाळ्याचा असतो. पारा खूप उतरला की मण्यांची फुगवण थांबते आणि तयार मण्यांना तडे जातात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच उबदार असतं, ते बागेत सोडलं की आपली उष्णता आसपास देतं. शेकोट्या आणि धूर करतात तेव्हा आगीची थेट ऊब थोडी मिळते आणि वरची हवा ढवळली जाते; धुरापेक्षा ही ढवळणूक महत्त्वाची.

युरोप-अमेरिकेत जिथे पारा खरोखर शून्याखाली जातो तिथे फळबागांवर रात्रभर तुषार सिंचन चालवतात आणि कळ्या बर्फात मढवून टाकतात. ऐकायला उलटं वाटतं. पण पाणी गोठताना तीच 334 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे गोठणं चालू आहे तोवर कळी शून्याच्या आसपासच राहते. तुषार मध्येच बंद पडले तर मात्र बाग गेलीच समजा.

गारेत थर का दिसतात?

मोठी गार सुरीनं अर्धी करून पाहिली तर कांद्यासारखे पांढरे आणि पारदर्शक थर दिसतात. ढगात शून्याखालीही द्रव राहिलेले पाण्याचे थेंब असतात. गारेला धडकले की ते तत्काळ गोठतात. खूप थंड भागात थेंब झटकन गोठून हवा अडकते आणि पांढरा थर बनतो. पाणी मुबलक असेल तिथे ते पसरून सावकाश गोठतं, हवा निसटते आणि पारदर्शक थर बनतो. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीनं मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात उभी पिकं झोपवली, तेव्हा शेतांत गारांचा खच पडला होता. गारपीट रोखणाऱ्या तोफा विकणारे लोक तेव्हापासून फिरतात. ढगात आवाजाच्या लाटा सोडून गारा थांबतात याला कसलाही भक्कम पुरावा नाही. तो पैसा जाळीवर आणि पीकविम्यावर खर्च करा.

गोव्यात बर्फाची प्रयोगशाळा आहे, हे खरं का?

अगदी खरं. वास्कोजवळ हेडलँड सडा इथे, समुद्रावरच्या टेकडीवर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. 1998 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातून भारताच्या ध्रुवीय मोहिमांचं नियोजन होतं. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे (खोल भोक पाडून काढलेले उभे दंडगोल) इथे उणे 20 अंशांच्या खोल्यांत ठेवलेले आहेत. बाहेर घाम पुसत असलेले संशोधक आत जाताना ध्रुवावरचे कपडे चढवतात.

गोव्याचा हा संबंध जुना आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली आणि 9 जानेवारी 1982 ला त्या खंडावर उतरली. आज तिथे भारताची मैत्री (1989) आणि भारती (2012) ही दोन केंद्रं चालू आहेत, आणि उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्डमध्ये 2008 पासून हिमाद्री.

बर्फाच्या गाभ्यातून लाखो वर्षांपूर्वीची हवा कशी कळते?

जिथे हिम वितळत नाही तिथे दर वर्षीचा थर आधीच्यावर बसतो. वजनानं खालचं हिम दाबलं जातं, आणि साधारण 50 ते 100 मीटर खोलीवर कणांमधल्या फटी बंद होऊन त्यातली हवा बुडबुड्यांत कायमची कोंडली जाते. पोकळ ड्रिलनं उभा दंडगोल काढला की हातात काळाची उतरंड येते. जितकं खोल, तितकं जुनं.

तापमान कसं कळतं, याची सुरुवात डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी 1952 मध्ये घराच्या अंगणात केली. बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळं लावून त्यांनी पावसाचं पाणी गोळा केलं आणि त्यातल्या हलक्या व जड ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं. ते ढगाच्या तापमानानुसार बदलतं असं त्यांना दिसलं. मग त्यांच्या मनात आलं की ग्रीनलंडमध्ये तर हजारो वर्षांचा पाऊस गोठून पडलेला आहे! त्या एका बाटलीतून आजचं सगळं प्राचीन हवामानशास्त्र उभं राहिलं, असं मी वर्गात सांगतो आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

पुढे अंटार्क्टिकातल्या वोस्तोक इथे 3,623 मीटर खोल गाभा निघाला आणि 4 लाखांहून अधिक वर्षांचा हिशेब हाती आला. युरोपीय देशांनी 'डोम सी' इथे तो 8 लाख वर्षांपर्यंत मागे नेला, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याच परिसरात 2,800 मीटरचा गाभा काढून किमान 12 लाख वर्षांपर्यंतचा बर्फ मिळाल्याचं जाहीर झालं. या बुडबुड्यांनी सांगितलं की गेल्या 8 लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत साधारण 170 ते 300 भाग यांमध्येच वरखाली होत होता. आज तो 420 च्या पुढे गेला आहे. 1815 चा तांबोरा ज्वालामुखी, रोमनांच्या खाणींतलं शिसं, विसाव्या शतकातल्या अणुचाचण्या या सगळ्यांच्या खुणा त्या बर्फात आहेत.

खोलवरच्या या बर्फाचा तुकडा पाण्यात टाकला तर तडतड आवाज येतो. हजारो वर्षं दाबाखाली असलेली हवा फुटून बाहेर येते, तिचा तो आवाज.

हिमनद्या आटतायत हे मोजतात कसं?

उपग्रहानं, आणि बांबूनं. हिमनदीत वाफेच्या ड्रिलनं भोकं पाडून बांबू रोवतात. वर्षभरानं परत जाऊन बांबू किती उघडा पडला ते टेपनं मोजायचं. वरच्या भागात खड्डा खणून वर्षभरात साठलेल्या हिमाची जाडी आणि घनता मोजायची. एक ठरावीक मापाची नळी भिंतीत आडवी खुपसून वजन केलं की घनता निघते. जमा आणि खर्च यांचा ताळेबंद मांडला की हिमनदी नफ्यात की तोट्यात ते कळतं. हिमाचल प्रदेशातल्या छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून असा ताळेबंद ठेवला जातो, आणि स्पीतीत 4,000 मीटरहून उंचावर गोव्याच्या केंद्रानं 2016 मध्ये 'हिमांश' हे केंद्र उभारलं. वर्षांमागून वर्षं तोट्याचाच हिशेब येतो आहे. हिंदुकुश-हिमालयाच्या 2019 च्या मोठ्या अहवालानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर तिथला एक-तृतीयांश बर्फ जाणार आहे.

बर्फ पांढराशुभ्र असेल तर ऊन परतवतो; ताजं हिम 80 ते 90 टक्के प्रकाश माघारी पाठवतं. त्यावर काजळी आणि धूळ बसली की ते ऊन शोषतं आणि लवकर वितळतं. काजळीचा प्रश्न आपल्या हातातला आहे, म्हणून मला तो सर्वांत आधी सोडवावासा वाटतो.

गोदावरी-कृष्णेला बर्फाचं पाणी नाही. मग आपल्याला काय त्याचं?

आपल्या नद्या पावसावरच्या, हे खरं. पण ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरातला समुद्र सुमारे 7 मीटर चढेल. तसं व्हायला शतकं लागतील, तरी त्याचा छोटासा वाटाही मुंबई, अलिबाग, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला भारी पडेल. तरंगणारा समुद्री बर्फ वितळल्यानं मात्र पाणी जवळजवळ चढत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा टाकून सांडलेलं पाणी पुसा, मग खडा वितळेपर्यंत पाहा. पेला पुन्हा सांडणार नाही.

लडाखचे बर्फाचे स्तूप कसे काम करतात?

लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. जवाची पेरणी एप्रिल-मे महिन्यात, आणि उंचावरच्या हिमनद्यांचं पाणी मात्र जूनमध्ये उतरतं. हिवाळ्यात तर ओढ्यांचं पाणी शेताला नको असताना वाहून जातं. अडचण सगळी या दोन महिन्यांची.

चेवांग नोर्फेल हे तिथले स्थापत्य अभियंता. हिवाळ्यात नळ फुटू नये म्हणून लोक तो थोडा सोडून ठेवतात. असं वाहतं पाणी झाडांच्या सावलीत, जिथे त्याचा वेग मंदावला, तिथे गोठून साठलेलं त्यांनी पाहिलं. मग ओढ्याचं पाणी सावलीच्या उतारावर वळवून, दगडी बंधाऱ्यांमागे पसरवून, थरांवर थर गोठवण्याचं काम त्यांनी 1987 पासून गावोगाव केलं. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या बंधाऱ्यांना सावली आणि उंची लागते, गाव त्यापासून लांब पडतं. सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2013-14 च्या हिवाळ्यात ही अडचण भूमितीनं सोडवली. वरच्या अंगानं पाइपातून आणलेलं पाणी खाली गावाजवळ आपल्याच दाबानं कारंज्यासारखं उडतं. पंप नाही, वीज नाही. उणे 15-20 अंशांच्या हवेत थेंब पडता पडता गोठतात आणि शंकूच्या आकाराचा डोंगर, म्हणजेच बर्फाचा स्तूप, उभा राहतो. शंकूचं आकारमान मोठं आणि ऊन लागणारा पृष्ठभाग त्या मानानं लहान, म्हणून तो भर उन्हातही उशिरा वितळतो. पहिल्या नमुन्यात सुमारे दीड लाख लिटर पाणी साठलं आणि तो मे महिन्याच्या मध्यापर्यंत टिकला.

उणिवाही आहेत. बरंचसं पाणी न गोठताच वाहून जातं, पाइप गोठून बसतात आणि मध्यरात्री कुणीतरी जाऊन ते सोडवावे लागतात. हवामान पाहून पाण्याचा झोत आपोआप कमीजास्त करणाऱ्या यंत्रणांवर आता काम चालू आहे. हिमनदीची जागा स्तूप घेऊ शकत नाहीत. पेरणीचं पाणी देतात, आणि त्या गावाला तेवढं पुष्कळ आहे.

हिमस्खलन कशामुळे होतं? आधी कळू शकतं का?

उतारावरचं हिम थराथरांनी साठतं आणि सगळे थर सारखे मजबूत नसतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला थर पातळ असताना जमिनीलगतचं हिम शून्याच्या आसपास आणि वरचं अतिथंड असतं. खालची वाफ वर सरकते आणि खालच्या कणांची खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी भरड बनते. हातात घेतली तर तिचा लाडू वळत नाही, ती बोटांमधून ओघळते. यावर पुढे जड हिमाचा थर बसला की चुऱ्यावर ठेवलेल्या फरशीसारखी अवस्था होते. एका माणसाच्या वजनानंही ती फरशी निसटू शकते. बहुतेक धोकादायक स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून कमी उतारावर हिम सहसा घसरत नाही, त्याहून खड्या उतारावर साठतच नाही.

भारतात यासाठी 1969 मध्ये मनालीला खास संस्था सुरू झाली. 2020 मध्ये ती संरक्षण संशोधन विभागाच्या भू-माहिती संशोधन आस्थापनेत विलीन झाली. तिथून सैन्यासाठी आणि डोंगरी जिल्ह्यांसाठी इशारे दिले जातात. कुठे धोका जास्त आहे हे सांगता येतं. अमुक उतार अमुक वाजता कोसळेल हे सांगता येत नाही. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचेनवर दहा जवान अशाच कोसळलेल्या बर्फाखाली गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवानही होता.

हिवाळी ट्रेकला जाताना काय पाहावं?

पुण्या-मुंबईहून खूप मुलं जातात, म्हणून कळकळीनं लिहितो. मोठी हिमवृष्टी झाल्यावर पहिले एक-दोन दिवस खड्या उतारांखालून जाऊ नका. पायाखाली "धप्प" असा दबका आवाज आला किंवा हिमात तडा पळताना दिसला तर तिथूनच मागे फिरा. खालचा थर खचल्याची ती खूण आहे. धोक्याचा उतार ओलांडायचाच असेल तर एकेकानं ओलांडा. प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झवर चालणारा शोधयंत्राचा संच (गाडल्या गेलेल्याचा ठिकाणा शोधायला), हिमात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता खूप असते, नंतर ती झपाट्यानं घसरते. मदतपथक तेवढ्यात पोचणं शक्य नसतं, सोबत्यांनीच काढायचं असतं. एका ट्रेकमध्ये आमच्या आयोजकांकडे यांतलं एकही साधन नव्हतं आणि आम्ही निघण्याआधी विचारलंही नव्हतं. सुदैवानं काही झालं नाही. तुम्ही पैसे भरण्याआधी विचारा.

2021 ची चमोलीची दुर्घटना हिमनदी फुटल्यामुळे झाली ना?

बातम्यांत तसं आलं, पण हिमनदी फुटत नाही. 7 फेब्रुवारी 2021 ला रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकत्र कोसळला. त्यात जवळजवळ 80 टक्के खडक आणि 20 टक्के बर्फ होता. पडताना घर्षणानं बर्फ वितळला आणि खडकांच्या चुऱ्याचा पातळ, वेगवान लोंढा तयार झाला. दोनशेहून अधिक माणसं गेली. 4 ऑक्टोबर 2023 ला सिक्कीममध्ये झालं ते वेगळं: दक्षिण ल्होनाक या हिमनदीच्या तोंडाशी साठलेल्या तळ्याचा बांध फुटला आणि तीस्तेवरचं धरण वाहून गेलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तळ्यावर नजर ठेवता येते, त्याचं पाणी उपसून पातळी उतरवता येते. कोसळणाऱ्या कड्याचं तसं नाही.

कृत्रिम हिम आणि कृत्रिम पाऊस एकच का?

नाही. स्कीच्या उतारांवर तोफांतून बारीक तुषार आणि दाबाखालची हवा उडवून हिम तयार करतात. पाणी लवकर गोठावं म्हणून कधीकधी एका जिवाणूपासून मिळणारं प्रथिन मिसळतात. 2022 च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जवळजवळ सगळं हिम असंच होतं. ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारण्याची कल्पना 1946 ची. त्याचे कण बर्फाच्या जाळीशी मिळतेजुळते असल्यानं थेंब त्यावर गोठतात. सोलापूरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेल्या प्रयोगात मात्र उबदार ढगांत क्षाराचे कण सोडले होते, त्यात बर्फाचा संबंध नव्हता.

उन्हाळ्यात थंडाव्यासाठी हिम साठवता येतं का?

स्वीडनमधल्या सुंड्सवाल शहरातलं रुग्णालय 2000 पासून हेच करतं. हिवाळ्यात रस्त्यांवरून काढलेलं हिम लाकडाच्या ढलप्यांखाली साठवतात आणि उन्हाळ्यात त्याच्या पाण्यानं इमारत थंड ठेवतात. ट्यूडरचा भुसाच पुन्हा! आपल्याकडे हिम नाही, पण मोठ्या इमारतींत रात्री, विजेची मागणी कमी असताना, टाक्यांमध्ये बर्फ गोठवून दुपारी त्यावर वातानुकूलन चालवता येतं. आपल्या शहरांनी याचा जास्त विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

माझ्या मुलीला या क्षेत्रात यायचंय. काय शिकावं?

भौतिकशास्त्र, भूशास्त्र, भूगोल किंवा स्थापत्य यांपैकी कशातूनही येता येतं. उपग्रहचित्रांचं विश्लेषण आणि संगणकीय आकडेमोड यायलाच हवी. गोव्याचं केंद्र, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, वेगवेगळ्या आयआयटी इथे संशोधन चालतं. अंटार्क्टिकाला फक्त शास्त्रज्ञच जातात असंही नाही. डॉक्टर, वाहन दुरुस्त करणारे, वीजतंत्री आणि आचारी यांच्याशिवाय तिथलं केंद्र एक दिवस चालणार नाही. सगळ्यांची कडक वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला बर्फात वावरण्याचं प्रशिक्षण मिळतं.

घरी मुलांना दाखवता येईल असा एखादा प्रयोग?

थर्माकोलचा छोटा डबा घ्या, झाकण काढून टाका, आत पाण्यानं भरलेलं प्लास्टिकचं भांडं घट्ट बसवा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. बाजू आणि तळ झाकलेले असल्यानं पाणी फक्त वरून खाली गोठत जाईल. साधारण अठरा-वीस तासांनी, तळाचं पाणी गोठायच्या आत, बाहेर काढा. वरचा बर्फ काचेसारखा पारदर्शक निघेल. पाण्यात आधी दोन थेंब निळी शाई टाकली असेल तर रंग खाली उरलेल्या पाण्यात दाटलेला दिसेल. दुसऱ्या दिवशी तेच भांडं पूर्ण गोठू द्या आणि तळ बघा: लादीतला पांढरा कणा तुमच्या घरी तयार झालेला असेल.